माणसं बसवणारी हिराक्का

हिराक्काच्या खानावळीत जेवायला गेलं की आधी पायताण जप्त व्हायचं. ताट पुढे यायच्या आत ती दारातल्या वहाणा गोळा करायची, पत्र्याच्या पेटीत टाकायची आणि किल्ली कमरेला खोचायची. जेवण झालं, हात धुतला, तरी वहाणा नाहीत. ओसरीवर घोंगड्या अंथरलेल्या असायच्या. तिथं आडवं व्हायचं, घटकाभर पडायचं, मगच पेटी उघडणार.

"आक्का, उशीर होतोय," म्हणावं तर उत्तर ठरलेलं, "चरल्यालं मेंढरू बसल्याबिगर हाकत न्हाईत."

खानावळ सांगलीत, हळदीच्या गिरण्यांच्या मागच्या बोळात. गिऱ्हाईक आम्ही गिरणीतलेच, केसांपासून टाचांपर्यंत पिवळे. दुपारी आम्ही ओळीनं आडवे झालो की, नवरी पळून गेलेले नवरदेव एकाच मांडवात निजलेत असं दिसायचं.

हिराक्का जतकडची, धनगराच्या घरातली. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. मोठ्या दुष्काळात कळप संपला, त्यामागोमाग नवराही गेला आणि ती सांगलीला आली. पण नजर मेंढरं राखणारीच राहिली. माणूस दिसला की ती त्याचा चेहरा बघायची नाही, जबडा बघायची. सावकाश चावतोय, म्हणजे बरा आहे. भराभरा गिळतोय, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.

एकदा गिरणीतले वजनकाटे तपासायला सरकारी साहेब आले. हिनं त्यांना जेवू घातलं आणि त्यांचेही बूट पेटीत टाकले. साहेब आधी चिडले, मग नाइलाजानं आडवे झाले, आणि उठले ते दिवेलागणीला. काटा तपासायचा राहिलाच. जाताना हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत यावं लागेल."

मी भंडाऱ्याकडचा. वडील गेले आणि सातवीत शाळा सुटली. घरी आई आणि लहान भावंडं. ओळखीच्या माणसाबरोबर इतक्या लांब आलो, तो नोकरी जाईल ही धास्ती पोटात घेऊनच. दिवसपाळी करायचो, कुणी रजेवर असला तर त्याची रात्रपाळीही मागून घ्यायचो. होता होता झोपच उडाली. छाती धडधडायची. मशीनचा पट्टा फटकन वाजला की अंगावर काटा यायचा. बोटं तर सारखी थरथरत असायची. एक दिवस बाही पट्ट्यात गेली. शर्ट फाटला, हात वाचला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रोग काही नाही, विश्रांती घ्या. मला हसू आलं. विश्रांती ही महाबळेश्वरला जाऊन घ्यायची वस्तू, असं मी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना हिराक्कानं माझा जबडा बघितला आणि पदर खोचून तडक गिरणीत गेली. पाठोपाठ मी, अनवाणी. आमचे मुकादम बापूराव दारातच उभे होते.

"बापू, ह्या पोराला मी घिऊन चालले. बरा झाला की आनून सोडते."

"आक्का, गिरणी हाय ही, धर्मशाळा न्हाई."

"दमल्यालं मेंढरू आमी कळपासंगं हाकत न्हाई. घोड्यावर टाकून न्हेतो."

"आन् घोडा कुठं हाय?"

"ही काय, हुबी हाय की तुज्याम्होरं!"

सगळी गिरणी हसली. बापूरावांनाही हसू फुटलं आणि तिथंच ते हरले. पण जाता जाता मला म्हणाले, "नागपंचमीपत्तूर तुजी जागा ठेवतो. तवर हात थरथरायचा थांबला न्हाई, तर गड्या, घरची गाडी धर. तुजा हात तुटल्याला मला बघवायचा न्हाई."

घोंगडीवर पडलो खरा, पण पहिले काही दिवस फार वाईट गेले. कामात असताना काळजी निदान मागं तरी राहायची. इथं डोळे मिटले की उशाशी येऊन बसायची. मी सारखा उठायचो, भांडी घासू लागायचो. हिराक्का हातातून तवा ओढून घ्यायची.

"झोप म्हनलं का मी तुला? नुसता पड."

"आक्का, तिकडं आई राबतेय आणि मी इथं लोळतोय. लाज वाटते हो."

ती भाकरी थापता थापता थांबली. "आमी लोकांच्या रानात मेंढरं बसवायला जायचो. शेतकरी स्वोता बोलवायचा, वर ज्वारी द्यायचा. कशाची रं? मेंढरू नांगर वडत न्हाई, मोट वडत न्हाई. नुसतं बसून ऱ्हातंय. पर जिथं ती बसत्यात, त्या रानातलं कणीस बघ जा पुढच्या साली. लेंडीखतानं रान सुदारतंय. बसनं बी कामच असतंय. तू आपला बस, तुजं रान सुदारंल."

मला मेंढरू म्हटलं, लेंड्यांचा हिशेब सांगितला, पण त्या दुपारी पहिल्यांदा मी उठलो नाही. आपण काम चुकवत नाही, काम करतोय, एवढं मनाला पटलं आणि खांदे सैल पडले. हळूहळू डुलकी लागायला लागली. पुढं एका संध्याकाळी पिठल्याच्या वासानं जाग आली. भाकरीचा तुकडा तोंडात घातला, तर पिठल्यात मिरची जास्त झाल्याचं कळलं! कित्येक महिन्यांत मला कशाची चवच कळली नव्हती. हिराक्का समोर बसून जबडा बघत होती. एकदम ओरडली, "रवंत सुरू झालं रं पोराचं!" आणि त्या आनंदात सगळ्यांना दुसऱ्यांदा ताक वाढलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बापूरावांनी मला मशीनपाशी उभं केलं आणि तेलाची बुधली हातात दिली. बारीक भोकात तेल सोडायचं, बाहेर थेंब पडता कामा नये. सगळी गिरणी बघत होती. थेंब पडला नाही. "लेका, सणानंतर दिवसपाळीला ये," बापूराव म्हणाले, "आन् रात्रपाळी मागितलीस तर टाळकं फोडीन."

नागपंचमीला गिरणी बंद. सगळे ट्रकात बसून शिराळ्याला नाग बघायला गेले. मी मात्र पेढे घेऊन हिराक्काकडे गेलो. मुक्काम तिच्याकडे होता तरी तिचे आभार कधी मानले नव्हते. ओसरी रिकामी होती. ती खांबाला टेकून बसलेली, डोळे लाल.

"आक्का, आज गिऱ्हाईक नाही. पडा की जरा."

"डोळा लागत न्हाई रं," ती म्हणाली. मग दुसरीकडे बघत, "ल्हानपणापास्नं मेंढरांत निजले. अंदारात चारी बाजूनं रवंत चालायचं, सुस्कारं टाकायची, लय ग्वाड वाटायचं. हितं आले तर घरात कुनाचा श्वास न्हाई. आता तू हाईस, पर एकल्याच्या श्वासानं कळप हुत न्हाई. तुमी समदी दुपारी घोरताय, तवा हितं बसल्या बसल्या माजा डोळा लागतो. तेवडीच माजी झोप."

आम्ही झोपलो की ती पेटी राखत बसते, अशी आमची समजूत होती.

मला मुळीच झोप आली नव्हती. अंगात शिराळ्यापर्यंत चालत जाण्याइतकी ताकद होती. तरी मी पेढे बाजूला ठेवले, घोंगडीवर आडवा झालो, डोळे मिटले आणि घोरायला लागलो. एकट्यानं कळपाइतकं घोरायचं, सोपं नव्हतं. घसा कोरडा पडला. बऱ्याच वेळानं डोळे किलकिले करून पाहिलं. हिराक्का खांब सोडून घोंगडीवर कलंडली होती, हाताची उशी केलेली, तोंड जरासं उघडं.

मी घोरत राहिलो.