जागा सांगा

रणपिसे सर रस्त्यात भेटले आणि तुम्ही वाकून नमस्कार केलात, तर ते लगेच आशीर्वाद देत नाहीत. चुकून आपल्या दारात आलेल्या पार्सलाकडे पाहावं तसं तुमच्याकडे पाहतात आणि विचारतात, "जागा?"

नाव सांगून उपयोग नसतो. आमच्या वर्गातला दिलीप शिंदे एकदा त्यांना बिबवेवाडीत भेटला. त्यानं नाव सांगितलं, तुकडी सांगितली, आता हार्डवेअरचं दुकान आहे तेही सांगितलं. सर म्हणाले, "ते असू दे. बसायचास कुठे?" खिडकीची रांग, शेवटचा बाक, असं दिलीपनं सांगितल्यावर सरांचा चेहरा एकदम उजळला. "असं सांग की मग. तू कर्कवृत्त पुण्यावरून नेलं होतंस. परत जागेवर ठेवलंस का?"

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. शिवाय वर्गशिक्षक. जूनमध्ये पहिल्याच दिवशी ते प्रत्येकाला जागा नेमून द्यायचे आणि ती परीक्षा संपेपर्यंत बदलायची नाही. गृहपाठ राहिला तर सर माफ करत, नकाशात गोदावरी उलटी वाहिली तरी एखादा टोमणा मारून सोडत. पण शेजारच्या बाकावर सरकलात, तर तुमची खैर नाही. "भूगोल म्हणजे काय?" ते विचारत. आम्ही पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणू लागलो की हात वर करून थांबवत. "कोण कुठे आहे हे ठाऊक असणं म्हणजे भूगोल. बाकी सगळी पानं भरायची सोय."

मला सर फार आवडत. मी मुळात याद्या करणारी बाई. भाजीची यादी, औषधांची यादी, कर्वेनगरला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून गळक्या नळांचीही यादी. सगळ्यांनी आपापल्या जागी राहावं असं सांगणारा माणूस मला तेव्हाही शहाणा वाटायचा. वर्गातल्या इतरांना तो विक्षिप्त वाटायचा. शिवाय गर्विष्ठही. कारण मधल्या सुट्टीत मैदानावर सर आपल्याच वर्गातल्या मुलांना ओळख द्यायचे नाहीत. नाकासमोर बघत निघून जायचे.

नववीत दिलीपनं आणि सतीश कुलकर्णीनं एकदा जागा बदलल्या. सतीश पहिल्या बाकावरचा, हुशार. दोघं एका उंचीचे, दोघांचेही केस शाळेच्या नियमानुसार कापलेले. पण दिलीपचं नाक पोपटासारखं आणि सतीशचं बसकं. कुणाचीही गल्लत होणं शक्य नव्हतं. सर वर्गात आले. सतीशनं काढलेला नकाशा त्यांनी पहिल्या बाकावरच्या दिलीपच्या हातात दिला आणि त्याच्या टापटिपीचं कौतुक केलं. मग मागे जाऊन सतीशचा कान धरला आणि पुण्यात आणलेल्या कर्कवृत्ताबद्दल त्याला सुनावलं. सतीश बिचारा तोंड मिटून. वर्ग हसून हसून बाकाखाली जायचा बाकी होता.

सर थांबले. त्यांनी सगळ्या वर्गावरून एकदा नजर फिरवली, मग फळ्याकडे गेले आणि कोराच असलेला फळा पुसत राहिले. आम्हाला वाटलं, काय खेचली सरांनी. न ओरडता, न मारता. खास पुणेरी. वर्षानुवर्षं आम्ही हा किस्सा सरांच्या तिरकसपणाचा नमुना म्हणून सांगत आलो.

यंदा आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन ठरलं. अर्थातच यादी माझ्याकडे आली. हॉल, जेवण, फुलं, गोल टेबलं, छातीवर लावायला नावांचे बिल्ले. "सरांना आणणे" हे काम मी स्वतःकडे ठेवलं, कारण बाकीच्यांना अजूनही त्यांची भीती वाटते. ही माणसं आता आजोबा व्हायला आलीत.

सर विश्रांतवाडीला एकटेच राहतात. दार उघडून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "भिंतीची रांग, दुसरा बाक," मी म्हणाले. "ये, ये," सर म्हणाले. "तुझ्या कंपासपेटीत टाचण्यांची वेगळी डबी असायची." भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली सरांच्या पत्नीचा, आमच्या बाईंचा फोटो. बाई गेल्याचं मला ठाऊक होतं. सरांनी चहा केला. कप, बशी, साखर, सगळं न शोधता हाताला लागत होतं.

मी निमंत्रण दिलं. सरांनी एकच गोष्ट विचारली. बसायची व्यवस्था कशी आहे? गोल टेबलं, कुणीही कुठेही बसा, असं मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"मग मी येत नाही."

मी गाडी पाठवते म्हणाले, पथ्याचं जेवण सांगते म्हणाले. सर नुसते मान हलवत होते. शेवटी मी विचारलं, की सर, तुम्हाला आम्हाला भेटायचंच नाही का?

सरांनी कप खाली ठेवला. "भेटायचं आहे गं. फार भेटायचं आहे. पण मला चेहरे कळत नाहीत. म्हातारपणामुळे नव्हे, लहानपणापासून. डोळे चांगले आहेत. नाक दिसतं, कान दिसतात. पण माणूस कोण, ते त्यातून उमटतच नाही. तुम्ही बाकांवर असलात की सगळे माझे. मैदानावर गेलात की सगळे परके."

मला एकदम तो कोरा फळा आठवला.

"बाहेर ही बरोबर असायची," सर बाईंच्या फोटोकडे पाहत म्हणाले. "समोरून कोण येतंय ते हळूच कानात सांगायची. आणि बाजारात चुकामूक झाली, तर जिथे असेल तिथेच उभी राहायची. मी शोधत येईपर्यंत जागा सोडायची नाही. आता बाहेर पडलो की सगळं शहर परकं."

घरी येऊन मी माझी यादी फाडली. मग सरांना फोन करून विचारलं, आमच्या मंडळींना हे सांगू का? "सांग," सर म्हणाले, "माझ्यावर उगाच गर्विष्ठपणाचा शिक्का बसलाय, तो तरी उतरव." हॉलच्या मॅनेजरला मी गोल टेबलं काढून खुर्च्यांच्या रांगा लावायला सांगितल्या. तो म्हणाला, "मॅडम, हल्ली असं कुणी बसत नाही." मी म्हणाले, आम्ही हल्लीचे नाही.

संमेलनाच्या दिवशी सगळ्यात आधी दिलीप आला. मी हॉलमध्ये शिरले तेव्हा तो खिडकीच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसला होता.  

सर आले, पुढे उभे राहिले आणि रांगेनं एकेकाची हजेरी घेऊ लागले. कुणाचं बोबडं बोलणं, कुणाची डब्यातली शेंगदाण्याची चटणी, कुणी हिमालय कसा कोकणात उतरवला होता. पन्नाशीची माणसं आपला टोमणा कधी येतो याची वाट बघत ताठ बसली होती. ज्याला कमी मिळाला, तो हिरमुसला.

मग जेवणाची वेळ झाली, खुर्च्या सरकल्या आणि सगळे अंगणात पांगले. याचा विचार मी केलाच नव्हता. सर ताट घेऊन मधोमध उभे, ओठांवर एक सावध हसू, सगळ्यांसाठी सारखंच.

दिलीप जिलब्यांचं ताट टाकून त्यांच्यासमोर गेला. "सर, खिडकीची रांग, शेवटचा बाक. त्या दिवशी पहिल्या बाकावर मीच होतो."

"माहीत आहे," सर म्हणाले. "पण पहिल्या बाकावरचं हसू सगळ्यात आधी थांबलं होतं. जिलबी आण."

त्यानंतर जो तो आपली जागा सांगत सरांकडे जाऊ लागला.

निघायच्या वेळी सरांना हात धुवायला जायचं होतं. मी म्हणाले, "सर, मी इथे या आंब्याच्या झाडाशी उभी आहे. जागा सोडत नाही." सरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते गेले.

तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाका मारल्या. केटरर हिशेबाला बोलावत होता. मी हलले नाही. सर बाहेर आले, गर्दीपाशी थांबले, मग झाड शोधलं आणि कुणालाही काही न विचारता सरळ माझ्याकडे चालत आले.