सरांच्या बाजूची खुर्ची

नाना सरांना कुणी नवीन भेटलं की ते नाव-गाव विचारत नाहीत. "शेजारी कोण राहतं?" एवढंच विचारतात. सिलिंडरवाल्यालाही सोडत नाहीत. दासगावची मासेवाली म्हणाली, "ताजी हायत," तर म्हणे, "या ताजीच्या शेजारी बर्फ दिसतोय."

"घ्यायची तर घ्या, नायतर शेजारी बघा," ती म्हणाली.

सरांनी महाडला जन्मभर इंग्रजी शिकवलं. आता शेकडो वर्षांची इंग्रजी पुस्तकं कम्प्युटरमध्ये भरलीत. कुठल्या काळात एखाद्या शब्दाच्या आजूबाजूला कुठले शब्द यायचे, ते कम्प्युटर मोजतो. शेजार बदलला की अर्थ बदलला, असं सरांचं म्हणणं.

"सिली हा शब्द आधी पुण्यवानाला लावायचे. मग बिचाऱ्याला. आता वेडगळाला. बघ सुमन, चांगल्या माणसाची काय गत करतात."

गल्लीत सरांनाच वेडे म्हणतात, हे मी सांगितलं नाही.

मी पोलादपूरकडची, चौथी शिकलेली. त्यांच्याकडे भाकऱ्या करते. जुन्या छपाईतला एस एफसारखाच दिसतो, म्हणून कम्प्युटर तो एफ वाचतो, यावर ते एकदा फार वैतागले होते. मला बोलायचा धीर नसतो, पण मागून म्हटलं, "सर, याची आडवी रेघ एकाच बाजूला हाय. त्याची दोन्हीकडं."

मला इंग्रजी येत नाही. तांदळातले खडे बघावेत तशी मी बघत होते.

त्या दिवसापासून रोज चार ते पाच मी सरांच्या बाजूच्या खुर्चीवर, कम्प्युटरनं चुकवलेली अक्षरं शोधायला. त्यांच्या बायकोची खुर्ची ती. त्या गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं.

परवा मुंबईहून मुलगा आला. "बाबा, नवं सॉफ्टवेअर टाकतो. सगळी पुस्तकं एका दिवसात दुरुस्त. मावशींना कशाला त्रास?"

भाकऱ्या राहिल्या असत्या, खुर्ची गेली असती.

"नको," सर म्हणाले.

"असं हातानं करून दहा वर्षं लागतील."

"लागू देत."

मुलगा सॉफ्टवेअर टाकूनच गेला. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले.

"चार वाजले. बस."

मी पान बघितलं. प्रत्येक अक्षर बरोबर होतं.

"सर, हे झालेलं हाय."

"माहीत आहे. सगळीच झालीत." सरांनी चष्मा पुसला. "पण तपासायला नको?"

तासभर आम्ही दोघांनी ते एकच पान तपासलं. चूक एकही सापडली नाही.

"उद्या पुढचं पान," सर म्हणाले.