मी आत, गिऱ्हाईक बाहेर

प्रेझेंटेशन कसं करावं हे मला कोणी शिकवू नये. पडद्यावर बारीक अक्षरांची स्लाइड लावायची आणि तीच वाचून दाखवायची, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. माणसाला वस्तू दाखवा! डोळ्यांना पटलं की कानांची गरजच उरत नाही, असं मी ऑफिसात उठता-बसता सांगत असे. आता सांगत नाही.

आमची कंपनी ऑफिसांसाठी साउंडप्रूफ केबिन बनवते. एक माणूस आत बसून निवांत फोनवर बोलेल एवढी, पुढून काचेची. त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे एक मोठी विमा कंपनी होती. ही ऑर्डर गेली तर तुमची रवानगी गोडाऊनला, असं साहेबांनी मला बजावलं होतं. गोडाऊनचे मॅनेजर म्हणजे माझे साडू. माझ्या लग्नात माझ्या सुटाला हसलेला हा माणूस! त्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा मी नोकरीच सोडली असती, पण तेवढी हिंमत माझ्यात नाही.

म्हणून स्लाइडना फाटा देऊन मी खरी केबिनच विमा कंपनीच्या मीटिंग हॉलमध्ये नेली आणि स्वतःच्या हातांनी जोडली. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. असे स्क्रू उरतातच, म्हणून तो खिशात टाकला.

सगळे जमले. विमा कंपनीच्या मॅडम पहिल्या रांगेत, शेजारी आमचे साहेब. मी आत जाऊन ओरडतो, ऐकू आलं तर सांगा, असं म्हणून मी आत शिरलो, दार लावलं आणि बोंब ठोकली. बाहेर सगळ्यांनी नकारार्थी माना हलवून टाळ्या वाजवल्या. टाळ्याही आत ऐकू आल्या नाहीत, इतका आमचा माल उत्तम! मग बाहेर यायला दाराची मूठ फिरवली, तर ती हातातच आली. खिशातला स्क्रू कुठला, ते तेव्हा कळलं.

आता मी मनापासून ओरडलो. दार बडवलं, काच बडवली, साहेबांच्या नावाने टाहो फोडला. मॅडम कौतुकाने बघत होत्या. मी मूठ वर धरून दाखवली, तर साहेबांनी तिच्या मजबुतीबद्दल काहीतरी सांगितलं असावं, कारण सगळ्यांनी माना डोलावल्या. काचेवर वाफ सोडून बोटाने 'दार उघडा' लिहिलं. बाहेरून ते उलटं दिसतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका गृहस्थांनी मान वाकडी करून ते पाहिलं आणि फोटो काढला. शेवटी मला खरोखरच रडू कोसळलं. त्या अभिनयालाही टाळ्या पडल्या.

एवढ्यात सगळे एकदम उठले. मॅडमनी साहेबांना काहीतरी सांगितलं, साहेबांनी मला घाईघाईने 'चला' अशी खूण केली आणि सगळे रांगेने बाहेर पडले. मी ओळखलं, केबिन कुठे बसवायच्या ती जागा बघायला निघाले. म्हणजे ऑर्डर मिळाली! मी डोळे पुसले, टाय सरळ केला आणि काचेत बघून भांग पाडत साडूंना काय काय ऐकवायचं याची उजळणी करत बसलो.

दार उघडलं ते अग्निशमन दलाच्या जवानाने, बाहेरून, एका बोटाने. आणि कानठळ्या बसवणारी घंटा आत आली. पँट्रीत टोस्टर पेटला होता. अख्खी इमारत केव्हाच रिकामी होऊन रस्त्यावर उभी होती.

जवानाने मला खाली नेलं आणि मी आत काय करत होतो ते सर्वांसमोर सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इमारतभर घंटा वाजत होती आणि हे भांग पाडत होते," त्या साहेबांना म्हणाल्या. "माझी माणसं मी या डब्यात बसवू?"

मी गडबडीने खिशातून स्क्रू काढून पुढे केला. साहेबांनी माझी मूठ मिटवली.

"आता आणखी काही दाखवू नका," ते म्हणाले आणि तिथूनच त्यांनी गोडाऊनला फोन लावला.

घरी पोचलो तेव्हा कसं झालं म्हणून बायकोने विचारलंसुद्धा नाही. पाण्याचा पेला पुढे करत ती म्हणाली, "ताईचा फोन येऊन गेला. भाऊजी म्हणालेत, गोडाऊनमध्ये खुर्च्या कमी आहेत. सोमवारी येताना आपली घेऊन या."