मारुतीशी भांडणाऱ्या कुसुमताई

मारुतीला रोज संध्याकाळी लाउडस्पीकरवरून झापणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या कुसुमताई.

नेरच्या रस्त्याला शेठजींचं जिन होतं. शेतकऱ्यांचा कापूस घ्यायचा, सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हा तिथला धंदा. मी काट्यावर कारकून होतो आणि कुसुमताई माईकवर. ते दिवस कापसाचे फार वाईट होते. बोंडात अळी, बाजारात मंदी, आणि उरलासुरला माल विकायला आलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकातून निघून पार रस्त्याला लागलेली. माणसं बंडीखालीच मुक्काम टाकायची. कोणाचा नंबर लागला, कोणता काटा बंद पडला, आज भाव काय निघाला, हे सगळं भोंग्यावरून सांगणं ही कुसुमताईंची नोकरी.

त्यांची सुरुवात अगदी रेडिओवरच्या बाईंसारखी व्हायची. "नंबर अडतीसच्या शेतकरी बांधवांनी आपला माल दुसऱ्या काट्यावर आणावा." इथपर्यंत मराठी शुद्ध, इस्त्री केलेली. मग माईक बंद करायचा असतो, हे त्यांच्या गावीच नसायचं. त्याच दमात पुढचं यायचं, "ओ अडतीसवाले भाऊ! बिडी विझवा पहिले! कापसावर बसून बिडी ओढून राह्यले, जिन पेटवता का?"

कुसुमताईंचे वडील तहसिलीत अव्वल कारकून होते. भाऊ शिकून पुण्याला गेले, तिकडचेच झाले. ताईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत नेरमध्ये कोणाला झाली नाही. जिनाच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वर गच्ची. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एक उपास चुकायचा नाही. सकाळी येताना तांब्यात तेल घेऊन यायच्या आणि कंपाउंडमधल्या कडुलिंबाखालच्या मारुतीला घालायच्या. शेंदूर कमी झाला तर स्वतः आणून लावायच्या.

आणि संध्याकाळी भाव जाहीर झाला की त्याच मारुतीची हजेरी घ्यायच्या. माईकच्या खोलीच्या खिडकीतून तो समोरच दिसायचा.

"मारुतीराया, ऐकला ना आजचा भाव? मंग असा डोळे वटारून माह्याकडे काहून पाहतो? त्या व्यापाऱ्याकडे पाह्य ना! पहाड उचलला म्हणते तू. मंग भाव उचलाले काय झालं तुले?"

रांगेत हशा पिकायचा. दिवसभर उन्हात बसून करपलेली माणसं तेवढ्यासाठी थांबायची. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं खिडकीशी येऊन विचारलं, "बाई, देवाले असं बोलणं बरं हाये का?" ताई म्हणाल्या, "बाबा, नातं हाये म्हणून बोलते. ज्याच्याशी नातं नाही त्याच्याशी मी कायले भांडू?"

हे त्यांचं पालुपद होतं. नातं हाये म्हणून बोलते. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला चोर म्हटलं तरी हेच, शेठजींना कंजूष म्हटलं तरी हेच. मला तर त्या दिवसाआड मूर्ख म्हणायच्या, म्हणजे आमचं नातं चांगलंच घट्ट असावं. आमच्या जिनातला भोंगा दुरुस्त करणारे शकूरभाई मला म्हणायचे, "दिगांबरभाऊ, बाईनं ज्या दिवशी शिवी नाही दिली, त्या दिवशी समजाचं का आपलं काम तमाम झालं."

दुपारी एक वाजता मात्र या बाईचा आवाज बदलायचा. "एक वाजला. बंडीवाल्यांनी जेवून घ्यावं. पहिले बैलाले पाणी, मंग आपल्याले." आणि खिडकीतून मान काढून एकेकाला नंबरानं विचारायच्या. "सत्तावन, जेवले का? बासष्ट, तुमची शिदोरी सुटली नाही अजून? उपास हाये का भांडण करून आले घरी?" कोणाकडे भाकर नसेल तर ते रांगेतच कळायचं आणि शेजारच्या बंडीतून अर्धी भाकर सरकायची. शेठजी म्हणायचे, "बाई, हे जिन आहे, लग्नाचा मांडव नाही." त्यावर ताई माईकवरूनच त्यांना विचारायच्या, "शेठजी, तुम्ही जेवले का?"

आता जे झालं ते काटापूजनाच्या दिवशी झालं. हंगामाच्या पहिल्या दिवशी काट्याला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि रांगेतल्या पहिल्या बंडीवाल्याला शेला-टोपी देऊन त्याचा कापूस आधी मोजायचा, ही आमच्याकडची रीत. त्या मानासाठी लोक आदल्या दिवसापासून येऊन बसतात. त्या वर्षी शेठजींनी पूजेला एक महाराज बोलावले होते. मागचा हंगाम तोट्यात गेलेला, शिवाय गोदामात आग लागलेली. माणूस घाबरला की महाराज बोलावतो. त्यात शेठजींचं काही फार चुकलं असं मी म्हणणार नाही.

चुकलं ते पुढे. पहिल्या नंबरवर वच्छलाबाईंची बंडी होती. शेजारच्या खेड्यातल्या. नवरा साप चावून गेला, तेव्हापासून शेती आणि बैल दोन्ही एकटीनं हाकणारी बाई. त्यांना पाहून महाराजांनी शेठजींच्या कानात काही सांगितलं. शेठजी लगबगीनं माईकच्या खोलीत आले आणि ताईंच्या कानाशी वाकले. ताईंच्या कानाशी म्हणजेच माईकच्या तोंडाशी. इतकी वर्षं जिनाचे मालक असून हा माणूस विसरला की आमचा माईक बंद नसतो.

"बाई, दोन नंबरच्या बंडीला एक म्हणा. पहिली विधवेची आहे. शुभ कामात अपशकुन नको. तिला मागे घ्या, कोणाला कळणार नाही."

हे सगळ्या रांगेला, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीला आणि पलीकडच्या शाळेलाही कळलं.

वच्छलाबाई बैलाची वेसण धरून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं बंडी मागे वळवायला लागल्या. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या सवयीनं वळल्या, ते मला आजही आठवलं की अंगावर येतं.

भोंगा खरखरला. "वच्छलाबाई, थांबा. बंडी वळवू नका. नंबर एक, वच्छलाबाई. काट्यावर या."

महाराज काट्याजवळून ओरडले की हे शास्त्राला धरून नाही, अशानंच कापसाला अळी लागते.

"महाराज, नारळ तुमचा, शास्त्र तुमचं," कुसुमताई म्हणाल्या. "पण नंबर माहा हाये. तो मी देवाच्या बापालाही बदलू देणार नाही." मग नेहमीप्रमाणे त्या मारुतीकडे वळल्या. "काय रे? तू बिनलग्नाचा, मी बिनलग्नाची. आपल्याले कोणी अपशकुनी म्हणत नाही, मंग हिलेच काहून? तुले हिचा विटाळ होत असल तर आत्ता सांग. नाहीतर गप बस." थोडं थांबून म्हणाल्या, "मारुती काही बोलला नाही. सगळे साक्षी हायेत. नंबर एक, चला!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाईंची बंडी काट्यावर आली, पण महाराज नारळ तसाच टाकून निघून गेले, आणि ते जाईपर्यंतच्या गोंधळात काटा बराच वेळ बंद राहिला.

दुसऱ्या दिवशी महाराजांची भक्तमंडळी जीपमध्ये बसून आली. त्यांच्या भावना दुखावल्या होत्या. बाईनं देवाचा अपमान केला, देवाचा बाप काढला, तिला कामावरून काढा. माझं यावर एक मत आहे आणि ते मी कोणालाही सांगतो. देवाचा अपमान झाला तर काय करायचं ते देव पाहील, त्याला वेळ भरपूर आहे. त्याच्या भक्तांना तेवढा दम नसतो. ते आधी समोरच्याची भाकर काढून घेतात. ज्या बाईनं त्या मारुतीला इतकी वर्षं तेल घातलं तिला हे लोक देव शिकवायला आले होते, आणि त्यातल्या एकाही माणसानं लिंबाखाली जाऊन साधे हात जोडले नाहीत.

शेठजी वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी तोडगा काढला. कुसुमताईंनी त्याच माईकवरून माफी मागायची आणि नोकरी सांभाळायची. मीही ताईंना म्हटलं, "दोन शब्द बोलून टाका. पोटाचा प्रश्न हाये."

"मागते ना," ताई म्हणाल्या. "माफी मागाले मले काय लाज?"

भक्तमंडळी जीपला टेकून उभी राहिली. शेठजी दारात. ताईंनी गळा साफ केला आणि शुद्ध, इस्त्रीच्या मराठीत सुरुवात केली. "काल काटापूजनाच्या वेळी जे घडलं, त्याबद्दल मी जाहीर माफी मागते." मंडळींचे चेहरे खुलले. "नंबर एकच्या वच्छलाबाई यांचा कापूस मोजायला उशीर झाला. त्यांना सर्वांसमोर बंडी वळवावी लागली. त्यांच्या भावना दुखावल्या. या जिनाच्या वतीनं मी त्यांची हात जोडून माफी मागते." आणि पुढे वऱ्हाडीत, "मारुतीची मागत नाही. त्याचं माहं रोजचंच हाये. महाराजांची बी मागत नाही. त्यांचं माहं काही नातं नाही."

संध्याकाळी शेठजींनी त्यांचा हिशेब करून टाकला. ताईंनी तेलाचा तांब्या उचलला, खिडकीची कडी लावली आणि निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "दिगांबर, एक वाजता बैलाच्या पाण्याचं सांगत जा." मूर्ख म्हणाल्या नाहीत.

माईक माझ्या गळ्यात पडला. मी नंबर पुकारायचो, भाव सांगायचो आणि बटण बंद करायचो. रांग गप्प बसायची. संध्याकाळी मारुती एकटाच डोळे वटारून बसलेला दिसायचा. शेठजींनाही करमेना. एक दिवस मला हळूच म्हणाले, "जाऊन पाहून या. म्हणावं, शेठ विचारत होते. काही निरोप आहे का त्यांचा, विचारा."

मी गेलो. ताई लहान मुलांच्या शिकवण्या सुरू करायच्या बेतात होत्या, ताठ होत्या, चहा झकास केला. कोपऱ्यात देव्हारा होता, दिवा लावलेला. मी विचारलं, "शेठजींना काय सांगू?"

"काही नाही."

"रागावल्या त्यांच्यावर?"

"नाही रे बाप्पा. कायले रागावू?"

मी आल्यावर शेठजींना तसंच सांगितलं. त्यांना वाटलं, बरं झालं. मला माहीत होतं की शेठजींचं नातं संपलं.

पण त्या घरातून निघताना माझं लक्ष चुलीकडे गेलं होतं. भरदुपार होती आणि चूल थंड होती. चहापुरता स्टोव्ह पेटला होता तेवढाच. या बाईनं आयुष्यभर गावाला जेवायला बसवलं, भोंग्यावरून. घरी जेवायला बसवायला कोणी नव्हतं, आणि यांना बसवणारंही कोणी नव्हतं. खरं तर जिनातल्या त्या एक वाजताच्या पंगतीतच बाई जेवायची. खिडकीत डबा उघडायची आणि रांगेच्या सोबतीनं घास घ्यायची. तिची नोकरी गेली असं आम्ही म्हणतो, पण शेठजींनी तिच्या पुढ्यातलं ताट उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शकूरभाईंना म्हटलं, एक भोंगा मागच्या भिंतीकडे फिरवा. त्यांनी कायले म्हणून विचारलं नाही. शिडी लावली आणि फिरवला. शेठजी ऑफिसच्या दारात उभे राहून पाहत होते.

एक वाजला. मी म्हटलं, "बंडीवाल्यांनी जेवून घ्यावं. पहिले बैलाले पाणी, मंग आपल्याले." नेहमी इथे बटण बंद करायचो. ते केलं नाही. "कुसुमताई," मी म्हटलं आणि माझा आवाज मलाच भोंग्यातून परत ऐकू आला. "कुसुमताई, जेवल्या का?"

सगळी रांग मागच्या भिंतीकडे वळली. बऱ्याच वेळानं ताई गच्चीवर आल्या. कठड्याला धरून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण माईक नसताना त्यांचा आवाज आमच्यापर्यंत पोचला नाही. ओठ तेवढे हलले.

वच्छलाबाई त्या दिवशी दुसऱ्या वेच्याचा कापूस घेऊन रांगेत होत्या. त्यांनी सोडलेली शिदोरी पुन्हा बांधली, शेजारच्या बंडीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, बैल पाहाजा," आणि फाटकाबाहेर पडून भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागल्या.

परत आल्या तेव्हा मी काटा सोडून त्यांच्याकडे गेलो. "गच्चीवरून काय म्हणाल्या ताई?"

"नाही म्हणाल्या. जेवली नाही, इतकंच." वच्छलाबाईंनी रिकामं फडकं झटकलं. "मंग मी भाकर वाढली तं रडल्या थोडंसं. अन् मंग माह्याशी भांडल्या, का ठेच्यात मीठ कमी हाये म्हणून."