कुंदा भोयरचं मागचं दार

कुणाच्याही घरी गेली की कुंदा भोयर चप्पल काढायच्या आधी विचारायची, "मागचं दार उघडं आहे ना?" आमच्या घरी ती रोज यायची आणि रोज विचारायची. आमच्या घराला मागचं दारच नव्हतं. ते कळल्यावर सहा महिने ती ओसरीतच बसली.

"भेव वगैरे काही नाही," ती म्हणायची, "विचारून ठेवलेलं बरं."

आम्ही दोघी सातवीत. वर्गात तिचा बाक दाराजवळचा. लग्नात ती पंगतीच्या अगदी टोकाला बसे. तिथं पोचेस्तोवर जिलबी संपलेली असे, पण तिची तक्रार नव्हती. बाईंनी फळ्याकडे बोलावलं की मात्र "पाणी पिऊन येते" म्हणून जी जायची, ती घरीच सापडायची.

मोठ्यांनी उपाय पुष्कळ केले. गढ्याला राहणाऱ्या आत्यानं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळ्या घराला ठसका लागला, म्हणजे दृष्ट नाही, एवढं ठरलं. गोहलपूरच्या वैद्यांनी चूर्ण दिलं. त्यानं दोन दिवस तिला शाळेतच जाता आलं नाही, म्हणून ती शाळेत घाबरलीही नाही. वैद्य म्हणाले, गुण आला. तिचे बाबा एकच वाक्य म्हणत, "घाबरायचं काय त्यात?" तेही अशा आवाजात की मीसुद्धा घाबरायचे.

हे भोयरकाका आमच्या मराठी मंडळाचे सचिव. नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि तेव्हापासून मंडळातल्या मराठीला कडक इस्त्री झाली. घरी "काहून बे, काय करून राहिला?" म्हणणारे लोक गणपतीत मंचावरून "उपस्थित रसिकजनहो" म्हणू लागले. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक खास नागपूरहून यायचे. भाषणं वडील लिहीत, मुलं पाठ करत. अर्थ कुणी विचारत नसे, कारण तो वडिलांनाही सांगता आला नसता.

कुंदा दोन वर्षं नाव पुकारताच मांडवातून पळाली होती. यंदा काकांनी बजावलं, "मंचावर चढली नाहीस तर शाळा बंद. बालाघाटला आजीकडं राहायचं." काका बोलले की करत. कुंदानं पंधरा दिवस 'परिश्रमाचे महत्त्व' पाठ केलं आणि पंधरा दिवस धड जेवली नाही. मी तिला हसायचे. "लोक काय खातात का तुले? माझ्याकडं पाहा." मागच्या वर्षीचा पहिला नंबर माझा होता ना!

स्पर्धेत माझं नाव तिच्या आधी आलं. विषय 'मातेचे थोरपण'. "आदरणीय परीक्षक महोदय" इथवर गेले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. खालून काका म्हणाले, "घाबरायचं काय त्यात?" झालं, उरलासुरला धीरही गेला. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात कुंदा पायऱ्या चढून वर आली. तिचं नाव अजून पुकारलंही नव्हतं. लोकांकडे पाठ करून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझा हात धरला. "मलेच पाहा. घरी सांगतेस तसं मले सांग." माईक मधेच होता, सगळ्या मांडवानं ऐकलं.

मग मी तिला सांगितलं. आई पहाटे उठून आमच्या सगळ्यांचं करून राहिली, तिले बरं नसलं तरी सांगत नाही, असं काहीबाही. लोक हसले, मागं काही बायका डोळे पुसत होत्या. कुंदानं शेवटपर्यंत लोकांकडे वळून पाहिलं नाही आणि माझा हातही सोडला नाही.

परीक्षकांनी अशुद्ध भाषेबद्दल मला शून्य दिलं. कुंदाला शून्यही नाही, कारण तिनं भाषण केलंच नव्हतं. आता काका काय म्हणतात म्हणून माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग कुंदाला म्हणाले, "चल बेटा, जेवून घे." बालाघाटचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

घरी जाताना मी तिला विचारलं, "आज तू पळाली काहून नाही?"

"पळूनच राहिली होती," कुंदा म्हणाली. "मागं पाहिलं तर तू एकटीच उभी. तिथं कसं वाटते, मले माहीत आहे ना."