चार्जरचा ताप

सुमन सिस्टरांनी माझ्या लॅपटॉपच्या चार्जरला थर्मामीटर लावला, तेव्हा मला बिबवेवाडीत राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. हसावं की नाही, हे ठरवण्याइतकी आमची ओळख अजून झालेली नव्हती.

थर्मामीटर काचेचा, पाऱ्याचा. त्यांनी तो झटकला, चार्जरच्या पोटाखाली सरकवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पारा उजेडात धरून म्हणाल्या, "एकशे आठ. पुढे आकडेच नाहीत. माणूस असता तर एव्हाना आकडी आली असती."

"सिस्टर, हे सगळे थोडे गरम होतातच," मी म्हणालो.

"सगळ्या आया असंच म्हणतात."

सिस्टर समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त झाल्या, पण हात निवृत्त झाला नव्हता. दिसेल त्या वस्तूला त्या आधी तळहाताची मागची बाजू लावून बघायच्या. दुधाची पिशवी, लिफ्टची मोटर, तळमजल्यावरच्या गोडबोले काकांची नुकतीच बंद केलेली स्कूटर. त्यांच्या लेखी जगात निरोगी असं काही नव्हतंच. काहींचं निदान व्हायचं राहिलं होतं, एवढंच.

माझ्या चार्जरचं मात्र खरंच काहीतरी बिघडलं होतं.

मी वाशीमकडच्या एका तालुक्याच्या गावचा. वडील सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला आणि लॅपटॉप घेतलेला तर आमच्या अख्ख्या गल्लीत पहिला. तो घेऊन घरी गेलो, तेव्हा आईने हात पदराला पुसून एकाच बोटाने त्याला स्पर्श केला होता. त्याच लॅपटॉपच्या ओरिजिनल चार्जरची वायर मानेपाशी तुटली. कंपनीचा नवा घेणं झेपणारं नव्हतं. म्हणून नारायण पेठेतल्या एका दुकानातून दुसरा आणला, नाव नसलेला.

"चालेल ना हा?" मी दुकानदाराला विचारलं होतं.

"चालायला कशाला हवा? एका जागी ठेवून वापरायचा."

"आणि गॅरंटी?"

"आहे की. तुम्ही पायरी उतरेपर्यंत."

त्या वेळी मी नोकरीत शिकाऊ होतो. महिनाअखेर एक प्रोग्रॅम करून दाखवायचा होता. तो जमला तर कायम, नाही तर परतीची गाडी. सगळं काम मी त्या लॅपटॉपवर घरी करत होतो आणि चार्जर असा तापायचा की प्लास्टिकचा वास यायचा. ऑफिसात विचारलं. एक म्हणाला, "मदरबोर्ड जाणार तुझा." दुसरा म्हणाला, "मी दोन वर्षं लोकलच वापरतोय, काय होत नाही." दोघेही इंजिनिअर. मी दोघांवरही विश्वास ठेवला आणि झोप घालवून बसलो.

वासाच्या मागावर सिस्टर आल्या होत्या. थर्मामीटरचं झाल्यावर घरी जाऊन वाटीत मिठाचं पाणी आणि रुमालाची घडी घेऊन परत आल्या.

"सिस्टर, नको! करंट लागेल!"

"मग ताप उतरायचा कसा?" त्यांनी नाइलाजाने वाटी खाली ठेवली. "जुना कुठाय?"

मी तुटका ओरिजिनल काढून दिला. त्यांनी एका तळहातावर तो आणि दुसऱ्यावर नवा घेतला, डोळे मिटले आणि दोन्ही हात जरा वरखाली केले.

"हे पूर्ण दिवसांचं," ओरिजिनलकडे मान करून त्या म्हणाल्या. "आणि हे सातव्या महिन्यातलं. वजनच नाही बिचाऱ्याला."

मी घाबरून विचारलं, "मग वापरू की नको?"

"सातव्या महिन्यातलीही जगतात रे. काचेच्या पेटीत ठेवलेली किती पोरं मी ठणठणीत होऊन घरी गेलेली पाहिलीत! फक्त लक्ष ठेवावं लागतं." मग त्यांची नजर माझ्या गादीवर गेली. "आणि याला गोधडीवर निजवतोस? तापलेल्या पोराला गोधडीत घालतात का? खाली घे."

चार्जर फरशीवर उपड्या ताटावर आला. पंख्याची दिशा बदलली. काम थांबलं की बटण बंद, असा हुकूम सुटला. वास थांबला.

त्या दिवसापासून संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की बेल वाजायची.

"पेशंट कसा आहे?"

आत येऊन त्या चार्जरला हात लावायच्या, मान हलवायच्या आणि मला म्हणायच्या, "नातेवाइकांनी काही खाल्लं का?" मी पेशंटचा नातेवाईक. पेशंटला काही भरवता येत नाही म्हणून मुगाची खिचडी नातेवाइकाला मिळायची. सगळ्या बिल्डिंगला ही बातमी कळली होती. गोडबोले काका जिन्यात गाठून विचारायचे, "काय, आला का शुद्धीवर? भेटायची वेळ काय ठेवलीय?"

महिनाअखेर आली. प्रोग्रॅम चालला, चार्जरही चालला. मी कायम झालो. फोनवर वडील एवढंच म्हणाले, "मशीन सांभाळ." पेढे घेऊन मी आधी समोरचं दार वाजवलं.

"सिस्टर, आणि आता काळजी मिटली! ऑफिसने नवा लॅपटॉप दिलाय. हा बघा, ओरिजिनल चार्जर."

त्यांनी तो हातावर तोलला. "छान आहे. धट्टाकट्टा." हाताची मागची बाजू लावून बघितली. "याला काही होणार नाही." पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "चला, आपल्या पेशंटला डिस्चार्ज."

दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा "बरंय ना?" म्हणून पुढे गेल्या. एका संध्याकाळी कचरा ठेवायला दार उघडलं, तर समोरचं दार अर्धवट उघडं होतं. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. हातात थर्मामीटर. त्यांनी तो झटकला, उजेडात धरून पाहिला आणि परत झटकला.

मी माझ्या घरात परत आलो. कपाटातून जुना लॅपटॉप काढला, तो नाव नसलेला चार्जर काढला, ताट उपडं घातलं, जोडाजोड केली आणि धावत जाऊन बेल वाजवली.

"सिस्टर, जरा येता का? परत गरम लागतोय हो."

त्या चष्मा शोधत लगेच आल्या. गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि चार्जरवर हाताची मागची बाजू ठेवली. हात बराच वेळ तिथेच होता. तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. घाईत मी बटणच दाबलं नव्हतं. चार्जर माठातल्या पाण्यासारखा गार असणार.

सिस्टरांनीही बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कणकण आहे," त्या म्हणाल्या. "रोज येऊन बघावं लागेल. नातेवाईक जेवलेत का?"