व्हिडिओ वर जाईना

"तासाभरात सोडवतो," असं शास्त्रज्ञाने सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं, आणि घरातल्या तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

शास्त्रज्ञ हे त्याचं घरातलं नाव. पदार्थविज्ञानाची पदवी नुकतीच हातात पडली होती, अजून गरम होती. मागे एकदा गळका नळ दुरुस्त करण्यापूर्वी त्याने दोन थेंबांमधला वेळ मोजला होता. नळ अजूनही गळत होता, पण किती गळतो हे आता सगळ्यांना ठाऊक होतं!

या वेळचा प्रश्न मात्र ताईचा होता. ताई कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेत शिकवायची. आजवरच्या सगळ्या नोकऱ्या तात्पुरत्या. वर्ष संपलं की बाई आणि खडू दोन्ही संपले. आता एका चांगल्या शाळेत कायमची जागा निघाली होती आणि शाळेने नमुना पाठाचा व्हिडिओ मागवला होता. मुदत आज संध्याकाळपर्यंत. व्हिडिओ तयार होता, झकास होता, फक्त वर जात नव्हता. निम्म्यापर्यंत चढायचा, जिन्यात दम लागल्यासारखा थांबायचा आणि तुटायचा. मोबाइलला तर घरात जेमतेम एक दांडी रेंज.

"फाइल लहान कर ना," आई म्हणाली.

"मग बोटं धूसर दिसतात, आई. माझा सगळा पाठ बोटांत आहे." ताईने आपला लॅपटॉप बंद केला. "मी मैत्रिणीकडे जाऊन पाठवते."

"आणि कारण तसंच सोडून द्यायचं?" शास्त्रज्ञ दुखावला. "दोन दिवस मोजतोय मी. आता फक्त निष्कर्ष काढायचा राहिलाय."

हे खरं होतं. परवा बाबा पेपर वाचता वाचता सहज म्हणाले होते, "नेट जरा मंद वाटतंय." दुसऱ्या कोणी "हो का" म्हणून सोडून दिलं असतं. याने त्याच दुपारी एक प्रोग्रॅम लिहिला. तो ठरावीक वेळाने एक जाडजूड फाइल इंटरनेटवर पाठवायचा, तिला जायला किती वेळ लागला ते टिपायचा आणि त्यावरून वेगाचा आलेख काढायचा. आलेख सुरेख होता. परवापासून खाली खाली येणारी, घसरगुंडीसारखी रेषा. ती उतरली की हा मोजण्या आणखी वाढवायचा.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "दुपारपर्यंत थांबते. मग मी निघाले."

पहिला संशय बाबांवर आला.

"बाबा, माणसाच्या शरीरात पाणी जास्त. पाणी लहरी शोषून घेतं. आणि तुम्ही बसता राउटर आणि ताईच्या खोलीच्या बरोबर मध्ये."

"मी इथेच बसत आलोय," बाबा म्हणाले. ते जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि हद्दीच्या बाबतीत हळवे होते.

"पण पूर्वी राउटर नव्हता."

बाबा खुर्चीसकट गॅलरीत गेले. रेषा आणखी खाली आली.

"मग त्या माशांच्या टाकीतही पाणीच आहे म्हणतो मी," गॅलरीतून आवाज आला. "का माझंच पाणी खुपतंय?"

मुद्दा बिनतोड होता. शास्त्रज्ञाने आणि आईने टाकी उचलून न्हाणीघरात नेली. वाटेत चौथाई पाणी आईने शिवायला घेतलेल्या पडद्यांच्या कापडावर सांडलं आणि एक मासा असा काही बघू लागला की शास्त्रज्ञाने नजर चुकवली. रेषा आणखी खाली.

"मोजणी विरळ पडतेय," तो पुटपुटला. "दोन मोजण्यांच्या मधे कारण निसटून जातंय." त्याने प्रोग्रॅमला दर मिनिटाला फाइल पाठवायला लावली.

मग पाळी आली आईच्या शिलाई मशीनची. मशीनच्या मोटारीचा लहरींना अडथळा होत असणार.

"उद्या पडदे द्यायचेत मला. निम्मे तुझ्या माशांनी भिजवलेत."

"मोटार बंद ठेव. हाताने चाक फिरव."

आईने चाक फिरवलं, पण टाका घालताना ती सुईकडे न बघता मुलाकडे बघत होती. रेषा आता जमिनीला टेकली होती. शास्त्रज्ञाने ओठ घट्ट मिटले आणि अखेरचा उपाय केला: एक फाइल गेली की लगेच दुसरी. अखंड मोजणी!

आतल्या खोलीतून ताई आली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तिने नुसती दोन बोटं वर केली आणि खाली पाडली.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"दोन टक्के. मग तुटला. सकाळी निम्मा तरी जात होता."

तिचा चेहरा पाहून शास्त्रज्ञाला आलेखाकडे बघवेना. एवढी वर्षं दर सुट्टीत नव्या शाळांना अर्ज लिहिणारी ताई त्याने पाहिली होती. "दोष कंपनीचाच," तो म्हणाला. "मी पुरावा घेऊन जातो. तू निघायची तयारी कर, पण एकदा शेवटचं करून बघ." आपला लॅपटॉप झोळीत टाकून तो पळत सुटला.

इंटरनेट कंपनीच्या कार्यालयात बिलं भरणाऱ्यांची रांग होती. नंबर लागल्यावर त्याने लॅपटॉप उघडून काउंटरवरच्या बाईंसमोर धरला.

"हा आलेख बघा."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "तक्रार विभागाला मेल करा. इथलं वायफाय वापरा, पासवर्ड भिंतीवर आहे."

त्याने वायफाय जोडलं. मेल लिहायला घेतला. विनम्र पण ठाम अशी सुरुवात शोधण्यात वेळ गेला.

"अहो, माझी पावती अडकली," रांगेतले एक आजोबा म्हणाले.

"इकडेही नुसतं चक्र फिरतंय," पलीकडचा कारकून म्हणाला. "आत्तापर्यंत तर बरं चाललं होतं."

"बघितलंत?" शास्त्रज्ञ विजयाने रांगेकडे वळला. "खुद्द यांच्या कार्यालयातही हीच तऱ्हा! हे मी नोंदवतो." आणि नोंदवण्यासाठी त्याने आलेख उघडला.

आलेखावर नवी रेषा होती. तो येईपर्यंत काही नाही, मग चांगली उंच सुरुवात, आणि मग घसरगुंडी. तीच. बापाने पोराचं नाक ओळखावं तशी त्याने ती ओळखली. इथे बाबा नव्हते. मासे नव्हते. शिलाई मशीन नव्हतं. दोन्ही ठिकाणी हजर असलेली गोष्ट एकच होती, आणि ती त्याच्या हातात गरम लागत होती.

त्याने अगदी हळू, कोणाला दिसणार नाही असं, प्रोग्रॅमचं बटण दाबलं.

"आली पावती," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. "गेला!" ताई ओरडली, ताई, जी कधीच ओरडत नसे. "तू बाहेर पडलास आणि सुर्रकन गेला. पोचल्याचा मेलही आला. तू तिकडे काय केलंस रे?"

"सांगतो घरी," तो म्हणाला. तक्रारीचा अर्धवट मेल तसाच बंद करून तो निघाला.

घरी बाबा गॅलरीत विजयी मुद्रेने बसले होते. आपण हललो म्हणून जमलं, असं त्यांनी शेजाऱ्यांनाही कळवलं होतं. शास्त्रज्ञाला गप्प बसता आलं असतं. पण चुकीचा निष्कर्ष घरात तसाच राहू देणं त्याला जमेना. त्याने लॅपटॉप उघडून सगळं समजावून सांगितलं: जो वेग मोजत होतो तो मोजण्यातच संपत होता.

बाबांनी खुर्ची उचलून पुन्हा आपल्या जागी आणली.

"म्हणजे माशांचा काही दोष नव्हता," आई म्हणाली आणि उठून न्हाणीघराकडे गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेचं उत्तर आलं. पाठ आवडला होता. आता मुख्याध्यापिका ऑनलाइन मुलाखत घेणार होत्या. ताईने ते पत्र तीनदा वाचून दाखवलं, मग भावाच्या शेजारी येऊन बसली आणि फार प्रेमाने विचारलं, "त्या सकाळी तू कुठे असशील?"

"वाचनालयात," तो म्हणाला.

"आणि लॅपटॉप?"

"माझ्याबरोबर."

बाबांनी पेपर खाली घेतला. "वाचनालयाला आधी कळवून ठेव," ते म्हणाले.